कढई कुणी चढवायची

आमच्या कंपनीत नाताळ म्हणजे कोड फ्रीझ. अमेरिकेतले क्लायंट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टीवर जातात, प्रॉडक्शनवर काही ढकलायचं नाही असा फतवा निघतो आणि पुण्यातल्या ऑफिसात आम्ही दहा-बारा जण पिझ्झा खात, 'सीक्रेट सांता'मध्ये मिळालेले कॉफीचे मग एकमेकांना दाखवत बसतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मला नाताळ एवढाच माहीत होता. येरमाळ्यात वाढलेल्या माणसाला त्याहून जास्त माहीत असायचं कारणही नव्हतं. आमच्याकडं सण म्हणजे चैत्री पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा, तेव्हा चुनखडीचे खडे वेचायला उसळलेली गर्दी, पोळा, दिवाळी आणि येळवस. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात.

मग लग्न झालं. बायको नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. विशेष विवाह कायद्याखाली अर्ज, नोटीसबोर्डावर तीस दिवस लटकलेली आमची नावं, मग सह्या. त्या तीस दिवसांवर वेगळा लेख होईल, तो पुन्हा कधीतरी.

२०२३ चा नाताळ मी सासुरवाडीला केला. जाताना डोक्यात सिनेमातलं झाड आणि कापसाचा बर्फ होता. प्रत्यक्षात स्वयंपाकघरात वर्तमानपत्रांवर करंज्या वाळत ठेवलेल्या, शंकरपाळ्यांचा डबा, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू. दारात रांगोळी. मी बायकोला म्हणालो, "ही दिवाळीच आहे की." ती म्हणाली, "दिवाळीत केक असतो का तुमच्यात?" एवढाच फरक. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ ला आलं, 'ज्ञानोदय' तिथून १८४२ ला निघायला लागला. म्हणजे नगरातला नाताळ सार्वजनिक गणेशोत्सवापेक्षा वयानं मोठा आहे. तो मराठी व्हायला भरपूर वेळ मिळाला.

त्या नाताळातल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या, दोन्ही पप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या. एक, त्यांनी स्वतः केलेली चांदणी. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत बल्ब. बाजारात शंभर रुपयांत घडीची मिळते, पण दरवर्षी ते नवीन करायचे. दुसरी, पंचवीस तारखेला पहाटे पाचला मफलर गुंडाळून मटण आणायला निघालेले पप्पा. उशीर झाला की पुढचा पाय संपतो, हे त्यांनी मला एखादं सूत्र सांगावं तसं सांगितलं होतं. मटण आणून, मीठ-हळद लावून, मग सगळे चर्चला. तिथं प्रत्येक जण हात पुढं करून "सलाम" म्हणत होता आणि मी दर वेळी नमस्काराला जोडलेले हात सोडवून पुढं करत होतो.

पप्पा २०२४ च्या जूनमध्ये गेले. हार्ट अटॅक. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती.

नोव्हेंबरात बायकोनं मम्मींना फोनवर विचारलं, नाताळचं काय करायचं. मम्मी म्हणाल्या, "काही नको गं या वर्षी. सकाळी उपासनेला जाईन आणि येऊन झोपेन." फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती. ती एकुलती एक आहे, हे इथं सांगायला हवं. पुण्याला या म्हटलं तर मम्मी वन बीएचकेत दोन दिवसांत कासावीस होतात. आम्ही नगरला जावं तर त्या घरात पप्पांची खुर्ची, पप्पांचा माळा, माळ्यावर कामट्यांचा भारा. बायको म्हणाली, "तिथं मी नाही करू शकणार." मी अशा वेळी जे करता येतं ते केलं. गूगल शीट उघडली. नाव दिलं 'नाताळ येरमाळा'.

येरमाळ्याला आमचं घर मोठं आहे, पाठीमागं गोठा, पुढं अंगण. आईला फोन करून सांगितलं, मम्मींना नाताळला आपल्याकडं आणू या. पलीकडं शांतता.

"ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात वर्षभर सण नसतोय बाबा," आई म्हणाली. "आन् तू चांदनी लावायची म्हणायलास."

म्हणजे एक आई नाताळ नको म्हणत होती कारण तिचं माणूस गेलं, आणि दुसरी नको म्हणत होती कारण असं करत नाहीत. दोन वेगळ्या धर्मांतल्या दोन बायकांचं एकमत झालं होतं आणि त्यात माझी बायको मधल्यामध्ये सापडली होती. मी शीट बंद केली.

दोन दिवसांनी आईचाच फोन आला. सकाळी साडेसहाला, धार काढून झाली की तिला सगळ्या जगाशी बोलायचं असतं.

"त्यांच्यात कढई चढवतात का गं वर्षाच्या आत, इचार तिला," ती म्हणाली.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या वर्षी त्या घरात सणाचं तळण करत नाहीत. कढई चढवत नाहीत असं म्हणायचं. पण म्हणून ते घर सणाला कोरडं राहत नाही. भावकी, पाहुणे, शेजारी आपापल्या घरचे डबे घेऊन येतात, बसतात, गेलेल्या माणसाचा विषय काढतात, रडतात आणि दोन घास खायला लावतात. पहिला सण एकट्यानं करू द्यायचा नसतो. आजोबा गेले त्या दिवाळीला आमच्या घरी सतरा डबे आले होते आणि चिवड्याच्या नऊ तऱ्हा मी एकाच आठवड्यात खाल्ल्या होत्या.

बायकोनं सांगितलं, आमच्यात असा नियम नाही, पण आईची इच्छाच नाहीये.

"मग झालं तर," आई म्हणाली. "त्यांच्या घरी कढई चढायची न्हाई. आपल्या घरी चढंल. पयला सण हाय, आणा त्यांना."

*

शीट पुन्हा उघडली. कामं, कुणी, कधी, किती, झालं का. बायको या असल्या गोष्टींवर हसते, पण या वेळी तिनं स्वतः एक रांग वाढवली: 'कमोडची खुर्ची'. मम्मींचे गुडघे गेलेत आणि आमच्या घरी तोवर खाली बसायचाच संडास होता. ती खुर्ची बार्शीत मिळाली. सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तीच, आणि नाताळच्या कुठल्याही यादीत ती सापडणार नाही.

खरी अडचण कॅलेंडरची निघाली. २०२४ ला मार्गशीर्ष दोन डिसेंबरला लागला आणि तीसला संपला. आई महिनाभर मांस-अंडं घरात येऊ देत नाही, गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडते. नाताळ बुधवारी, महिन्याच्या ऐन मध्यावर नाही पण आतच. सव्वीसला शेवटचा गुरुवार, म्हणजे उद्यापन. सोमवारी तीसला येळवस, शेतात पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे. त्या दिवशी मटणाचं नावसुद्धा काढायचं नाही. एकतीसला पौष लागला, महिना सुटला, पण वार मंगळवार, येडाईचा. आमच्या घरात मंगळवारी आणि शुक्रवारी चालत नाही. मी शीटमध्ये 'मटण' लिहिलेली रांग एकेक दिवस पुढं सरकवत गेलो आणि ती बुधवार, एक जानेवारी २०२५ वर जाऊन थांबली. नाताळनंतर बरोबर आठवडा. सेलला लाल रंग दिला.

आईला विचारून पाहिलं. परसात वेगळी चूल मांडू, भांडी वेगळी. आई काही बोलली नाही, आणि आई बोलत नाही तेव्हा उत्तर मिळालेलं असतं. मी मम्मींना फोन केला. खोटं कशाला सांगू, माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, अरे असू दे, काय बिघडतं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी नाताळला मटण नाही असं एकदाही झालेलं नाही. तुझे पप्पा आजारी होते तेव्हासुद्धा." मग थोड्या वेळानं, "पण त्यांचा महिना आहे. मोडू नकोस." दोन्ही वाक्यं खरी होती आणि दुसऱ्यानं पहिलं पुसलं गेलं नव्हतं.

अंडं नाही, म्हणजे केकचाही प्रश्न. तो मम्मींनीच सोडवला: रव्याचा केक. रवा दह्यात आणि दुधात तास-दीड तास भिजवायचा, साखर, तूप, वेलची, संत्र्याच्या रसात रात्रभर बुडवलेले बेदाणे, टूटीफ्रूटी. ओव्हन आमच्याकडं नाही. मोठ्या कुकरची रबराची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर स्टँड, त्यावर डबा, बारीक गॅसवर पाऊण ते एक तास. पुण्यात मी दोन वेळा चाचणी घेतली. पहिला केक मधे बसला. दुसरा खालून करपला, पण खाता आला.

आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती मला नंतर कळली. आदल्या दिवाळीत बायकोनं तिला 'स्मृतिचित्रे' थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. लक्ष्मीबाई टिळक आईला फार आवडल्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं वाचलं तेव्हा ती डोळे पुसून हसत होती. पण टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं, तिथं आई थांबली होती. आता चांदणीचं ठरल्यावर एका रात्री फोनवर म्हणाली, "टिळकांनी बायकूला न इचारता केलं, ते चुकलं त्यांचं." मी हो म्हणालो. "तू तरी इचारून करशील न्हवं?"

मला एकदम काही सुचेना. म्हणालो, "आई, मी चांदणी लावतोय फक्त."

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि भाव काय चाललाय सोयाबीनचा यावर गेली.

*

आम्ही एकवीस तारखेला, शनिवारी, बार्शीमार्गे येरमाळ्यात पोचलो. रविवारी कढई चढली.

तळणाच्या आधी नारळ फोडले. आईनं दोन नारळ घेतले होते. एक बाजूला ठेवून म्हणाली, "ह्यो देवीचा. मंगळवारी वर नेईन. आन् ह्यो करंज्याचा, ह्यो देवळात गेला न्हाई." बायको माझ्याकडं बघायला लागली. प्रसादाचं तिनं आईला कधीच सांगितलं नव्हतं. लग्नानंतर प्रत्येक वेळी ती प्रसाद हातात घ्यायची, नंतर तो मी खायचो, आणि आम्हाला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आईच्या लक्षात पहिल्या महिन्यात आलं होतं.

सारणावरून थोडं भांडण झालं. मम्मींच्या करंजीत सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, चमचाभर भाजलेला रवा. आईच्या करंजीत खवा. भूम आणि कुंथलगिरीकडचा खवा दारात मिळत असताना सुकं खोबरं कोण घालतं, असं आईचं म्हणणं. तो चार दिवसांत आंबतो, करंज्या पंधरा दिवस टिकायला हव्यात, असं बायकोचं. शेवटी दोन्ही केल्या, आणि ओळखू याव्यात म्हणून खव्याच्या करंज्यांना मुरड घातली, खोबऱ्याच्यांना कातण्यानं कापलं. ओले नारळ मग लाडवांत गेले. चार किलोचं तळण संध्याकाळी सातपर्यंत चाललं. पहिली करंजी कढईतून निघाली तेव्हा आईचा हात सवयीनं देवघराकडं वळला, मधेच थांबला. पीठ मळायच्या आधीच तिनं मूठभर पीठ वेगळं काढलं होतं ते तिला आठवलं. त्याची एक छोटी करंजी करून तिनं ती नेली. बाकीच्या डब्यात.

मी यावर पुष्कळ विचार केला. आम्ही दोघं शिकलेले, समजूतदार, 'त्यात काय एवढं' म्हणणारे. दीड वर्ष आम्ही ही अडचण लपवून चालवली. आईनं ती दोन नारळ आणि मूठभर पिठात मिटवली, आणि तिला ते समजूतदारपणाचं वगैरे वाटलंही नाही. पाहुण्याला जे चालत नाही ते ताटात वाढायचं नाही, एवढंच.

चांदणीचं काम माझ्याकडं आणि आबांकडं. बुरुडाकडून बांबू आणला, आबांनी कोयत्यानं कामट्या काढल्या. कशी करायची ते मला साधारण माहीत होतं: पाच सारख्या लांबीच्या कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं दोऱ्यानं बांधायची, आणि आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी वीतभर लांबीचे आडवे तुकडे बसवायचे, म्हणजे ती फुगते. आमची पहिली चांदणी एका पायानं लंगडी झाली. मग मी हिशोब केला. नीट पंचकोनी चांदणीत प्रत्येक काडी ठरलेल्या जागीच छेदली जाते: मीटरभर काडी असेल तर एका टोकापासून ३८.२ आणि ६१.८ सेंटिमीटरवर. सुवर्ण गुणोत्तर. पेननं खुणा केल्या, खुणेवर खूण ठेवून बांधलं, आणि चांदणी सरळ उभी राहिली. माझ्या बीईच्या पदवीचा घरात झालेला हा पहिला उपयोग. आबा म्हणाले, "त्यांनी कशी केली असंल, बिगर हिशोबाची?" मी म्हणालो, पप्पा गणिताचे शिक्षक होते. आबा गप्प झाले. त्यांची आणि पप्पांची भेट एकूण चार वेळा झाली होती.

मैद्याची खळ, लाल-पांढरा कागद, आत एलईडी बल्ब. टाकीच्या लोखंडी खांबाला चढवली. हायवेवरून दिसायची. रात्री चुलत्यांचा फोन आला आबांना, कळंबहून. कुणीतरी सांगितलं होतं. पोरानं धर्म बदलला काय, असं आडून विचारत होते. आबा हो-नाही करत बसले तेव्हा आईनं फोन घेतला. "सुनंच्या आईचा पयला सण हाय भाऊजी. तुमी बी या." ते आले नाहीत. येळवसला मात्र आले.

*

सोमवारी मी आणि बायको मम्मींना आणायला नगरला गेलो. जामखेड, मांजरसुंबा, मग हायवेनं खाली चौसाळा, पारगाव. तेरखेड्याला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या लागल्या तेव्हा मम्मी पहिल्यांदा बोलल्या: "नाताळला पप्पा एकच माळ लावायचे. जास्त नाही." मी गाडी थांबवली आणि एक माळ घेतली.

अंधार पडता पडता येरमाळ्याच्या फाट्यावर आलो. चांदणी लांबून दिसली. मम्मींनी ती पाहिली, नक्की पाहिली, पण काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, चूक केली. कुणाच्या नवऱ्याची वस्तू आपण केली, विचारलं नाही. घरात आल्यावर आई पुढं झाली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि आबा आणि मी बैलांना पाणी दाखवायला गेलो. पाणी त्यांना आधीच दाखवलेलं होतं.

नंतर अंगणात मम्मी मान वर करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कागद उलटा लावलाय. गुळगुळीत बाजू बाहेर पाहिजे." दुसऱ्या दिवशी उतरवून पुन्हा लावायची का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वर्षी."

चोवीस तारखेला सकाळी आई देवीला गेली, मम्मींनी कुकर ताब्यात घेतला. संध्याकाळी बावीस घरं: नाताळला ताटं वाटायची, वर विणलेला रुमाल झाकून. रुमाल मम्मींनी नगरहून आणले होते, सहाच, म्हणून ताटं पाच-सहाच्या फेऱ्यांत गेली आणि मी आणि शेजारचं पोरगं रुमाल परत आणत पळत होतो. केकबद्दल प्रत्येक दारात एकच प्रश्न, अंडं आहे का. नाही म्हटलं की ताट आत. एका घरातून मात्र ताट तसंच परत आलं, "आमचं पोट बिघडलंय सगळ्यांचं." आठ माणसांचं. आईनं ते ताट घेतलं आणि बावीसची यादी एकवीसची केली. पुढच्या संक्रांतीला त्या घरी तिळगूळ जाणार की नाही हे मी विचारलेलं नाही.

रात्री घरातच प्रार्थना. मम्मींनी शास्त्र उघडलं, लूकचा दुसरा अध्याय. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. बाळाला गव्हाणीत ठेवलं, तिथं ते सरळ बसले. आमच्या गोठ्याची गव्हाण त्या खोलीपासून वीस फुटांवर आहे. रात्री मेंढपाळ रानात कळप राखत होते असं आलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बाई, मेंढरं रात्री रानात बसवत्यात ती पिकं निघाल्यावर. डिसेंबरात रानात ज्वारी उभी असती. ह्ये उन्हाळ्याचं असंल."

मला धरणी पोटात घेईल तर बरं वाटलं. मम्मी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "दादा, डिसेंबर असं शास्त्रात कुठंच लिहिलेलं नाही. तो महिना माणसांनी नंतर ठरवला." नंतर मी वाचलं, मेंढपाळांचा हा मुद्दा बायबलच्या अभ्यासकांनीही काढलेला आहे. आबांनी तो मेंढरांवरून काढला.

मग गाणं. मम्मींकडं 'उपासना संगीत'ची जुनी प्रत आहे, मार्जिनमध्ये पप्पांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी नारायण वामन टिळकांचं एक गीत काढलं. टिळकांनी प्रभूची गाणी ओवी-अभंगाच्या वळणावर रचली, त्यामुळं आबांना शब्द नवीन असले तरी चाल पायाखालची निघाली. त्यांनी खुंटीवरचे टाळ काढले. दुसऱ्या कडव्याला मम्मींचा आवाज गेला. बायकोनं उचललं, तिचाही गेला. आबा टाळ वाजवत राहिले, आणि घाबरले की ते लय वाढवतात, तसे वाढवत गेले. मम्मी डोळे पुसत म्हणाल्या, "दादा, पळवू नका. सावकाश. आमच्या यांनासुद्धा हीच खोड होती." आबांनी लय सोडली. पुन्हा पहिल्यापासून.

*

पंचवीस तारखेला पहाटे मला जाग आली ती दाराच्या कडीनं. पाच वाजले होते. मम्मी शाल गुंडाळून ओट्यावर बसल्या होत्या. झोप लागली नाही का विचारलं, तर म्हणाल्या, "लागली. पण पाचला दार वाजतं ना. सवय."

मी शेजारी बसलो. चांदणी रात्रभर चालू राहिली होती, खाली अंगणात तिचा लालसर डाग पडला होता. आत आबा उठले, त्यांनी चहा टाकला, तिघांचे कप घेऊन बाहेर आले. मम्मींना म्हणाले, चर्चची उपासना फोनवर साडेआठला लागणार आहे म्हणं, तवर रानात जाऊन येऊ. हुरडा कोवळा आहे अजून, पण चार कणसं निघतील. मटण नाही तर नाही, नाताळला हुरडा. शेंगदाण्याची चटणी बायकोनं काल कुटून ठेवली होती, दही होतं, गूळ होता. शीटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

मम्मी चहा पीत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "एक तारीख म्हणालास ना तू?"

हो म्हणालो.

"बुधवारच आहे ना तो? नक्की?"

"नक्की. महिनाही सुटलाय, वारही नाही."

"मग तोवर थांबते मी. येळवस पण बघते तुमची. मटण मी करणार, मसाला मी सांगेन तो, तुमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही." कप खाली ठेवला. "आणि आणायला पाचला जायचं. उशीर केला की पुढचा पाय मिळत नाही."

मी फोन काढून एक जानेवारीचा गजर लावला, पहाटे पाचचा. आबांनी वाकून स्क्रीनकडं पाहिलं.

"आमचा खाटीक सातच्या आत उठत न्हाई," ते म्हणाले.